‘मॅडम, त्या इंजेक्शननंच माझी कंबर गेली’

सांगली जिल्ह्यातल्या एका प्रसूतिगृहात मी आठवड्यातून तीन दिवस समुपदेशक म्हणून बसते. वर शीर्षकात लिहिलेलं वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. ‘ते इंजेक्शन’ म्हणजे सिझरआधी कमरेत देतात ते भुलीचं. सिझर होऊन तीन महिने झालेली म्हणते, तीन वर्षं झालेलीही म्हणते. काही जणींना तर पोटात दुसरं बाळ असतं आणि त्या आधीच हात जोडून सांगतात, “काहीही करा, पण कमरेत टोचू नका.” राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात चारातली एक प्रसूती सिझरने होते. म्हणजे ही धास्ती आता घरोघरची आहे.

त्यातल्या एकीबद्दल लिहिते. तिला इथे मीनल म्हणू. नाव बदललंय आणि ओळख पटेल असे तपशीलही. वय सत्तावीस, पतसंस्थेत नोकरी, मुलगी पाच महिन्यांची. नवरा आणि सासूबाई सोबत होत्या.

बसल्या बसल्या तिनं मोबाइल पुढे केला. स्वतःच्या पाठीचा फोटो होता. नवऱ्यानं बॉलपेननं एक गोल काढला होता, सुई टोचली ती जागा म्हणून. दोन बोटांनी फोटो मोठा करत ती म्हणाली, “इथे. काही दिसतंय का तुम्हाला?” मी नीट पाहिलं. निळ्या शाईच्या गोलात नितळ कातडी होती, दुसरं काही नव्हतं. मग म्हटलं, “आत्ता दुखतंय तिथे हात ठेव.” तिचा हात गोलावर गेलाच नाही. चार बोटं खाली, उजवीकडे, खुब्याच्या वर गेला.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या भूलतज्ज्ञांकडून आणि फिजिओथेरपिस्ट ताईंकडून जे इतक्या वर्षांत समजून घेतलं, ते तिला सांगितलं. आपला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सिझरचं इंजेक्शन त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधल्या फटीतून देतात. तिथे पाण्याची पिशवी असते आणि त्या पाण्यात मज्जातंतूंचे सुटे धागे तरंगत असतात. सुई साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची. टोचलेल्या जागी दोन-चार दिवस ठणका राहू शकतो, मुका मार लागल्यासारखा. पण महिनोन्‌महिने टिकणारं कंबरेचं दुखणं? कमरेतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींची तुलना करून पाहिली गेली आहे. कंबरदुखी दोघींकडे सारखीच निघते.

मग दुखतं कशानं? गरोदरपणातच जवळपास निम्म्या बायकांची कंबर धरते. संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाचे स्नायू ताणून मधून फाकतात आणि सगळा भार पाठीवर येतो. पुढे बाळ झाल्यावर आपण त्याच पाठीला विचारतही नाही. मीनलला मी पाजायला कशी बसतेस ते करून दाखवायला सांगितलं. भिंतीचा टेकू नाही, मांडीखाली उशी नाही. सतरंजीवर मांडी घातली आणि बाळाला वर आणायच्या ऐवजी स्वतःच खाली वाकली. लहान बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा पितं. तिनं पाच महिने हेच केलं होतं.

सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांच्या पातळावर कमरेचा पट्टा बांधलेला मला मघाशीच दिसला होता. मी विचारलं, “मावशी, तुमची कंबर कधीपासून?”

“थोरल्याच्या येळंपास्नं.”

“बाळंतपणं कुठे झाली?”

“घरातच की. तिन्ही. सुईन यायची.” एवढं बोलून त्या थांबल्या आणि सुनेकडे बघायला लागल्या. कमरेत इंजेक्शन त्यांना उभ्या जन्मात कुणी दिलं नव्हतं.

एरवी इथे गोष्ट संपते. बाई हलकी होते, फिजिओथेरपीची चिठ्ठी घेऊन जाते. मीनलला सगळं पटलं, मान डोलावली, पण चेहरा तसाच राहिला. त्याआधी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला बाळंतिणींना आम्ही विचारतो ते दहा प्रश्न मी तिला विचारले होते. ती प्रश्नावली एडिंबरामधली, १९८७ सालची, आता जगभर वापरली जाते. त्यातल्या ‘विनाकारण भीती वाटते का, घाबरायला होतं का’ या प्रश्नाशी ती बराच वेळ अडली होती. मी दोघांना बाळाला घेऊन चहाला पाठवलं आणि म्हटलं, “त्या दिवशीचं सांग. ऑपरेशनच्या खोलीत शिरलीस तिथपासून.”

तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. पाच महिन्यांत सगळ्यांनी बाळाचं वजन विचारलं, टाके सुकले का विचारलं, दूध पुरतं का विचारलं. रडली तर घरात एकच वाक्य, “बाळ चांगलं आहे ना? मग रडायला काय झालं?” दवाखान्यातून सोडताना सिस्टरनी कागद भरून घेतला होता, त्यात ‘भूल कशी वाटली’ असा एक रकाना होता. तिनं ‘चांगली’वर खूण केली होती. नवरा बिलासाठी खोळंबलेला, रिक्षा दारात उभी. दुसरं काय लिहिणार?

रात्री दोन वाजता बाळाचे ठोके कमी झाले म्हणून धावपळीत सिझर ठरलं. भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून आले. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी हे असंच चालतं. भूलतज्ज्ञ एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पळत असतात, तोंडाला मास्क, आणि उभे राहतात ते बाईच्या डोक्यामागे. जो माणूस तासभर तिचा श्वास आणि नाडी सांभाळतो, त्याचा चेहराही तिला माहीत नसतो. मीनलला त्यांचा फक्त आवाज आठवत होता. “वाका, हनुवटी छातीला लावा, अजिबात हलू नका.” नेमकी तेव्हाच कळ आली.

“आणि मी हलले, मॅडम.”

पुढचं ती खालमानेनंच बोलली. पाय गरम होऊन जड झाले, समोर हिरवं कापड आलं. मग कणिक मळावी तसं कुणीतरी पोट मळतंय असं वाटायला लागलं. ती म्हणाली, “डॉक्टर, मला कळतंय.” उत्तर आलं, “कळणारच. गप्प पडून राहा.” थोड्या वेळानं अंग थडथडा उडायला लागलं, दातांवर दात. तिला वाटलं, मरतेय आपण आणि कुणाच्या लक्षात येत नाहीये. मुलगी गालाला टेकवली, पण चेहरा तिला आठवत नाही. अजूनही ओट्यावर उलथनं पडलं की तिच्या छातीत धस्स होतं, कारण तिथे ट्रेमध्ये हत्यारं ठेवताना तसाच आवाज येत होता.

“हलू नका म्हणाले होते, तरी मी हलले. म्हणून सुई चुकली असणार. दोष कुणाला देऊ?”

पाठीवरचा तो निळा गोल मला आत्ता कळला. डॉक्टरांनी काय केलं याचा पुरावा शोधायला फोटो काढलाय असं मी समजत होते. ती शोधत होती स्वतःची चूक.

याचं उत्तर मी देऊन भागणार नव्हतं. तिच्या परवानगीनं मी त्याच भूलतज्ज्ञांशी बोलले. पुढच्या आठवड्यात दुपारच्या केसेस संपवून ते आले, समोरच्या स्टुलावर बसले आणि तिची फाइल उघडली. तिनं एकच प्रश्न पाठ करून आणला होता.

ते म्हणाले, “औषध जागेवर गेलं नसतं तर तुमचे पाय जड झालेच नसते. कळ येताना सगळ्याच हलतात, आम्ही ते धरूनच चालतो.” मग त्यांनी पाकिटातली सुई काढून दाखवली. तिनं शेजारी सलाइनची सुई ठेवायला लावली. “हीच? एवढीच?” असं दोनदा विचारलं. त्यांनी नीट समजावलं. या भुलेनं दुखणं जातं, स्पर्श आणि ओढ राहते, म्हणून मळल्यासारखं वाटतं. सुरू करण्याआधी स्पिरिटचा बोळा लावून गार लागतं का विचारलं होतं, ते हेच तपासायला. हुडहुडी भरते, कारण औषधानं खालच्या अंगातल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि अंगातली ऊब निघून जाते, त्यात खोली थंड. आणि ओढ नव्हे, खरंच दुखत असेल तर ते बाईनं सांगायचं आणि आम्ही ऐकायचं. औषध वाढवता येतं, वेळ पडली तर पूर्ण भूल देता येते.

मग फाइल मिटून म्हणाले, “हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. चुकलं माझं.”

मीनल तेव्हा रडली. मोकळी होऊन रडली.

मला इथे स्पष्ट लिहायचंय. तिची कंबर खरोखर दुखत होती, ‘मनाचे खेळ’ नव्हते. सैल सांधे आणि चुकीची बैठक यांनी ती दुखत होती आणि अपराधीपण तिला सुटू देत नव्हतं. दोन्हीकडे बघावं लागतं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला खुर्ची, पायाखाली पाट आणि मांडीवर उशी दिली, श्वास सोडत पोट आत घेण्याचा साधा व्यायाम शिकवला. सासूबाईही तोच करतात, असं नंतर कळलं.

याच ओघात उशीबद्दल. सिझरनंतर डोकं दुखू नये म्हणून ‘चोवीस तास उशी घ्यायची नाही, मान उचलायची नाही’ असं अजूनही कित्येक ठिकाणी बजावतात, आणि जिनं चुकून मान उचलली ती जन्मभर धास्तावते. निपचित पडून राहिल्यानं डोकेदुखी टळत नाही, हे तपासलं गेलंय. ही डोकेदुखी सुईच्या छिद्रातून पाणी झिरपल्यामुळे होते. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीअर या सर्जननं ही भूल स्वतःवर करून घ्यायचा प्रयत्न केला आणि नंतर नऊ दिवस तो डोकं धरून अंथरुणात होता. तेव्हाच्या सुया जाड होत्या. आताच्या बारीक सुयांमुळे हे क्वचितच होतं. पण पहिल्या काही दिवसांत उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं असं झालं, तर सोसत राहू नका, भूलतज्ज्ञांना कळवा. त्यावर उपाय आहेत. डोकेदुखीबरोबर नजर अंधूक झाली किंवा रक्तदाब वाढला, पायात ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा गेला किंवा तापासह पाठ दुखू लागली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

‘पुढच्या वेळी पूर्ण भूलच द्या’ असं म्हणणाऱ्यांनाही सांगते. गरोदर बाईच्या घशात नळी घालणं जास्त अवघड असतं, भुलीचं औषध थोडं बाळापर्यंतही पोचतं आणि जन्माच्या क्षणी आई जागी नसते. काही वेळा पूर्ण भूल लागतेच. पण नुसत्या कंबरेच्या धाकानं ती मागू नका. आधीच्या वेळी टेबलावर काय वाटलं होतं ते भूलतज्ज्ञांना आधी भेटून सांगा. भीती लिहून न्या हवी तर. मन सारखं त्या खोलीतच फिरत असेल आणि जवळपास बोलायला कुणी नसेल, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतून बोलता येतं.

मीनलची कंबर अजून अधूनमधून धरते, विशेषतः पतसंस्थेत मार्चअखेर असते तेव्हा. मोबाइलमधला फोटो तिनं पुसलाय.

मी माझ्या कामात एक बदल केला. तिसऱ्या दिवशी वॉर्डात फिरताना नातेवाईक डबा आणायला गेले की खाटेशी बसते आणि विचारते, “टेबलावर असताना काय काय आठवतं?” परवा एक जण डिंकाच्या लाडवाचा तुकडा हातात तसाच धरून विचार करत राहिली. मग म्हणाली, “थंडी वाजत होती. डोक्यामागच्या मॅडमनी माझा हात धरला, म्हणाल्या, ही हुडहुडी औषधाची आहे, दहा-पंधरा मिनिटांत जाईल. आणि गेली.”