रिव्हर्ब टँक बदलायचाय, कुठला घेऊ?

प्रश्न: सेकंडहँड फेंडर ट्विन रिव्हर्ब हा गिटारचा अँप घेतलाय, आवाज मस्त पण रिव्हर्ब (घुमल्यासारखा इफेक्ट) अजिबात येत नाही. तो देणाऱ्या टँकवरचं, म्हणजे स्प्रिंगच्या डब्यावरचं लेबल पार निघालंय. लांबीला बसेल तो कुठलाही टँक चालेल का?

उत्तर: नाही हो, फक्त लांबी बघून घेऊ नका, पैसे वाया जातील. आणि आधी टँक खरंच गेलाय का ते बघा. अँप चालू ठेवून, रिव्हर्बचा नॉब वाढवून टँकला हलकी टिचकी मारा, स्प्रिंगचा खणखणाट आला तर आउटपुटची बाजू ठीक आहे, मग इनपुटची बाजू आणि टँक अँपला जोडणारी आरसीए केबल तपासायची. नंतर अँप बंद करून प्लग काढा, केबल सोडवा आणि दोन्ही सॉकेटवर मल्टीमीटर लावा. ट्विनला ४एबी३सी१बी हा टँक लागतो, त्यात इनपुटला साधारण ०.८ ओहम आणि आउटपुटला २०० ओहमच्या आसपास रीडिंग येतं. काहीच येत नसेल तर टँक उघडा, बऱ्याचदा कॉइलपासून सॉकेटपर्यंतची केसासारखी बारीक वायर तुटलेली असते, ती सोल्डर केली की झालं, नवा टँक घ्यायलाच नको!

घ्यायचाच असेल तर कोड अक्षर न् अक्षर जुळवा. ४ म्हणजे सुमारे पावणेसतरा इंची, चार स्प्रिंगचा टँक, ए म्हणजे ८ ओहम इनपुट, बी म्हणजे २२५० ओहम आउटपुट (हे इम्पीडन्स, म्हणजे एसी सिग्नलला होणारा विरोध, म्हणून मल्टीमीटरच्या रीडिंगशी जुळत नाही), ३ म्हणजे लांब घुमणारा. इनपुट चुकलं तर रिव्हर्ब मरगळलेलाच येणार. शेवटचा बी म्हणजे उघडी बाजू खाली, तसाच बसवा.