बेलभंडारा आणि मतदान

प्रश्न : मागच्या विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराच्या कार्यकर्त्यांनी आमच्या गावात घरोघर पत्रके वाटली. वर खंडोबाचे चित्र, खाली ‘धर्म राखायचा असेल तर हेच बटण दाबा’ हा मजकूर आणि सोबत भंडाऱ्याची पुडी. मतदानाच्या आदल्या रात्री काही घरांत बेलभंडारा उचलायला लावून शब्दही घेतला. हे कायद्यात बसते का, आणि तक्रार करून काही उपयोग होतो का?
– एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : बसत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे आणि त्यासाठी धार्मिक चिन्हे वापरणे हा भ्रष्ट आचार ठरतो. बेलभंडाऱ्याचा प्रकार तर त्याहून गंभीर आहे, कारण ‘देवाचा कोप होईल’ असे मतदाराच्या मनात भरवणे याच कलमात गैरवाजवी दडपण म्हणून वेगळे नोंदलेले आहे. (शपथ मोडल्यास काय होईल याची धास्ती नसती, तर भंडारा उचलायला लावण्याचे कारणच काय होते?)

न्यायालयात मात्र गोष्ट इतकी सरळ राहत नाही. या विषयावरचे तीन महत्त्वाचे निकाल मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील तीन स्थानकांच्या परिसरातून, म्हणजे पार्ले, दादर आणि सांताक्रूझ या मतदारसंघांतून आले, हा योगायोग गमतीचा आहे. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पाठिंबा असलेले डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारसभांतील बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांवरून उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ती निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे ठाकरे यांचा मताधिकारही ६ वर्षांसाठी गेला. त्याच ११ डिसेंबरला मनोहर जोशी यांच्या दादरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलट कौल दिला. ‘पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल’ हे विधान म्हणजे आशा व्यक्त करणे आहे, मतांची मागणी नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तेव्हा वक्त्याने नेमके कोणते शब्द वापरले यावर खटला फिरतो, आणि चतुर वक्ता हे पुरेपूर जाणून असतो.

तिसरा खटला सांताक्रूझमधील १९९० च्या निवडणुकीचा. कायद्यातील ‘त्याचा धर्म’ म्हणजे फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही, हा त्यातला प्रश्न. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी मतदाराचा धर्मही त्यात येतो असे ठरवले. जात, धर्म, भाषा यांवरून ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी त्या अन्यायाविषयी निवडणुकीत बोलूच नये काय, ही अल्पमतातील शंका मला आजही वजनदार वाटते. परंतु तुमच्या गावच्या भंडाऱ्याच्या पुडीला तिचा आधार मिळणार नाही.

खरे दुखणे विलंबाचे आहे. निवडणूक याचिका शक्यतो ६ महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो, आणि एका शब्दाचा अर्थ लागायला २७ वर्षे लागतात. याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. मतदारसंघातील कोणताही मतदार ती करू शकतो. तुमच्या बाबतीत ती मुदत गेली. पुढच्या वेळी मात्र पत्रक हाती पडताच त्याचा तळ पाहा. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते तिथे छापणे बंधनकारक आहे. ती नसतील तर तेवढाच स्वतंत्र गुन्हा होतो, असतील तर उमेदवाराच्या संमतीचा धागा तिथूनच सापडू शकतो. पत्रक जपून ठेवावे, ते कोणी, कधी, कोणाच्या दारात दिले हे त्याच दिवशी लिहून काढावे आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. ऐकीव माहितीवर या खटल्यांत काहीही सिद्ध होत नाही.

प्रश्न : धर्मनिरपेक्ष राज्याचे मुख्यमंत्री आषाढीला पंढरपुरात शासकीय महापूजा कशी करू शकतात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या राज्यघटनेने धर्म आणि शासन यांच्यात पक्की भिंत बांधलेली नाही. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच खर्च होणारा कर कोणावर लादता येत नाही, असे अनुच्छेद २७ सांगतो. तर अनुच्छेद २९०-क प्रमाणे केरळच्या तिजोरीतून त्रावणकोर देवस्वम निधीला (म्हणजे तिथल्या मंदिरांच्या निधीला) दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये द्यावे लागतात. पंढरपूरच्या मंदिराचा कारभारही १९७३ च्या अधिनियमामुळे शासननियुक्त समितीकडे आला, आणि बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजारी घराण्यांचे हक्क जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपले. त्यामुळे पूजेला कायद्याने हरकत घेणे अवघड आहे. माझी हरकत पूजेनंतरच्या भाषणाला असते. विठ्ठलासमोर राज्यासाठी पाऊसपाणी मागणारे मुख्यमंत्री बाहेर येऊन ध्वनिक्षेपक हाती घेतात आणि त्याच दमात विरोधकांवर घसरतात, तेव्हा शासकीय खर्चाने उभारलेला तो मंडप कोणाच्या कामी आला, हे लेखी विचारण्याचा अधिकार माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने तुम्हाला दिलेला आहे.