नवा लॅपटॉप सुरू व्हायला दीड मिनिट का लागतो? रॅम वाढवू की फॉरमॅट मारू?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी.

आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११, घेऊन महिना झालाय. बटण दाबल्यापासून हाताशी यायला दीड मिनिट जातो. दुकानदार रॅम टाकायला सांगतोय आणि मित्र फॉरमॅट मारायला. असा तुमचा प्रश्न आहे. या दोन्ही सल्ल्यांशी माझं जुनं वैर असल्यामुळे उत्तर जरा लांबेल.

नुसता ‘दीड मिनिट’ हा आकडा काही सांगत नाही. त्यात तीन टप्पे असतात आणि तिन्हींचे दोषी वेगळे. बटण दाबल्यापासून फिरते ठिपके दिसेपर्यंत बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी यंत्र जागं करणाऱ्या प्रोग्रॅमचा, कारभार. ठिपक्यांपासून पिन मागणाऱ्या पडद्यापर्यंत विंडोज आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम). पिन टाकल्यापासून ब्राउझर विनाअडथळा उघडेपर्यंत तुम्ही टाकलेली आणि कंपनीनं आधीच भरून दिलेली सॉफ्टवेअरं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून हे तीन तुकडे वेगळे मोजा. एकदा ‘शट डाउन’ करून आणि एकदा ‘रीस्टार्ट’ करून.

दोन्ही का, तर त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत वाचली जाते. म्हणून रोज रात्री लॅपटॉप बंद करणाऱ्याच्याही टास्क मॅनेजरमध्ये, ‘परफॉर्मन्स’मधल्या सीपीयूखाली, ‘अप टाइम’ बारा-पंधरा दिवस दिसतो. एखादा ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल तर तोही रोज तसाच परत येतो. खरोखरचं नव्यानं सुरू होणं ‘रीस्टार्ट’मध्येच. रीस्टार्ट जलद आणि शट डाउननंतरची सुरुवात हळू, असा उलटा निकाल आला तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडा आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. एसएसडी असेल तर ही खूण काढल्यानं फार तर काही सेकंदांचा फरक पडेल.

आता बायोस. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘स्टार्टअप ॲप्स’वर जा. वर उजव्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ असतो. पाच ते दहा सेकंद असेल तर पुढे चला. वीसच्या वर असेल तर विंडोजला हात लावू नका, दोष त्याच्या आधीचा आहे. सगळे पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, डॉक काढून परत मोजा. मग बायोसमध्ये जाऊन (बहुतेक कंपन्यांत एफ२, एचपीत एफ१०) बूट ऑर्डर, म्हणजे यंत्रानं कुठून सुरू व्हायचं त्याचा क्रम, पाहा. ‘नेटवर्क बूट’ किंवा ‘पीएक्सई’ वर बसलं असेल तर यंत्र दर वेळी आधी नेटवर्कवर सर्व्हर शोधतं, मिळाला नाही की मग डिस्ककडे वळतं. ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला ठेवा. डेलच्या बायोसमध्ये ‘फास्टबूट’ ‘थरो’वर असेल तर ‘मिनिमल’ करा. त्यानंतर कंपनीच्या साइटवरून, तुमच्याच मॉडेलचं, बायोस अपडेट. चार्जर लावलेलाच हवा. एक अपवाद आहे. डीडीआर५ रॅम असलेलं यंत्र बायोस अपडेटनंतर किंवा रॅम बदलल्यावर पहिल्यांदा मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त, काळा पडदा दाखवत बसतं. ते रॅमचं जुळणीकाम असतं. तेव्हा घाबरून बटण दाबून धरू नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यासाठी अंदाज करत बसू नका. विंडोज स्वतः याची नोंद ठेवतं, आणि सल्ला देणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे बघतात. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डावीकडे ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ आणि शेवटी ‘ऑपरेशनल’. इथे क्रमांक १०० ची नोंद शोधा. ती प्रत्येक वेळी होतेच असं नाही, म्हणून एकदा रीस्टार्ट करा, पाच-सात मिनिटं काही न करता थांबा, मग बघा. नोंद उघडून ‘डिटेल्स’मध्ये ‘इव्हेंट डेटा’ उलगडा. ‘मेनपाथबूटटाइम’ म्हणजे विंडोज सुरू झाल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ. ‘बूटपोस्टबूटटाइम’ म्हणजे डेस्कटॉप दिसल्यापासून यंत्र शांत होईपर्यंतचा. आकडे मिलिसेकंदांत, म्हणजे हजारानं भागा.

समजा मेनपाथ १५,००० आणि पोस्टबूट ६७,००० निघाले. याचा अर्थ विंडोज पंधरा सेकंदांत उभं राहिलं आणि पुढचा मिनिटभर सोबत उठणाऱ्या सॉफ्टवेअरनी धिंगाणा घातला. फॉरमॅट मारून ती सॉफ्टवेअरं परत टाकलीत की धिंगाणाही परत. याउलट मेनपाथच ५०,००० असेल तर ड्रायव्हर, सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) किंवा डिस्क. १०० च्या शेजारीच १०१, १०२, १०३ अशा नोंदी सापडतील. १०१ म्हणजे रेंगाळलेला प्रोग्रॅम, १०२ ड्रायव्हर, १०३ सर्व्हिस. प्रत्येकीत फाइलचं नाव, लागलेला एकूण वेळ आणि ‘डिग्रेडेशन टाइम’ म्हणजे नेहमीपेक्षा किती जादा लागला ते लिहिलेलं असतं. गुन्हेगार नावानिशी हजर असताना अंदाजावर रॅम विकत घ्यायची कशाला? एकच नाव आठ-दहा नोंदींत परत परत आलं तरच ते खरं समजा. एखाद्या दिवशी अपडेट चालू असताना कुणीही रेंगाळतो.

नव्या यंत्रात सगळ्यात जास्त सापडतं ते फुकट मुदतीचं अँटिव्हायरस. लॅपटॉपबरोबर आलेलं असतं, महिन्याभरात मुदत संपते, तरी जागेवरून हलत नाही. आपण चालू आहोत असं ते विंडोजला सांगत असेल तोवर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला बसलेला असतो, म्हणजे संरक्षण जुनं आणि ओझं पूर्ण. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून काढा, रीस्टार्ट करा, मग त्या कंपनीचं साफसफाईचं साधन त्यांच्या साइटवरून घेऊन चालवा, कारण साध्या अनइन्स्टॉलनं त्याचे ड्रायव्हर कधी कधी मागे राहतात. त्यानंतर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून डिफेंडर परत जागा झालाय ना, हे पाहा.

मग ‘स्टार्टअप ॲप्स’ची यादी. तिथे ‘हाय इम्पॅक्ट’ वाचून लोक दचकतात. सुरू होताना एक सेकंदापेक्षा जास्त सीपीयू किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्क वापरली की तो शिक्का बसतो. आजचं जवळपास कुठलंही ॲप त्यात सापडेल. म्हणून शिक्क्यावरून नव्हे, गरजेवरून ठरवा. टीम्स, स्पॉटिफाय, स्टीम, ॲडोबीचे अपडेटर बिनदिक्कत बंद करा. वनड्राइव्हवर तुमचा डेस्कटॉप जात असेल तर चालू ठेवा. टचपॅडचं, आवाजाचं आणि कंपनीचं हॉटकीचं सॉफ्टवेअर बंद करू नका, नाहीतर एफएन बटणं गेली म्हणून नवा प्रश्न टाकाल. सीएच्या ऑफिसात किंवा सेवा केंद्रात वापरत असाल तर डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं सॉफ्टवेअर आणि बोटांच्या ठशांच्या यंत्राची आरडी सर्व्हिसही तशीच राहू द्या. या यादीत न दिसणारे दोघे असतात. एजच्या सेटिंग्जमधलं ‘स्टार्टअप बूस्ट’, आणि विंडोजच्या ‘साइन-इन ऑप्शन्स’मधलं, बंद करताना उघडी असलेली ॲप आपोआप परत उघडणारं बटण. दोन्ही बंद करा.

आता रॅम. डेस्कटॉप आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’ पाहा. ८ पैकी पाच-साडेपाच जीबी वापरात असेल तर जागा शिल्लक आहे, आणि शिल्लक जागा वाढवून सुरुवात जलद होत नाही. बूट होताना डिस्कवरून वाचायचं, ड्रायव्हर उठवायचे, सर्व्हिस सुरू करायच्या, हे काम असतं. नळाला धार बारीक म्हणून हंडा मोठा आणण्यातला हा प्रकार. दुकानात हा सल्ला का मिळतो, तर रॅम विकता येते, इव्हेंट व्ह्यूअर विकता येत नाही. तुमचं दहा टॅब, टॅली, झूम सगळं एकदम चालत असेल तर १६ जीबी जरूर घ्या, कामाचा वेग वाढेल. पण ते या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

व्हिडिओंमधले ‘रामबाण’ उपायही इथेच निकालात काढतो. एमएस-कॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या जास्तीत जास्त करा, असं सांगतात. तो रकाना मर्यादा घालण्यासाठी आहे. रिकामं असताना विंडोज सगळे कोअर वापरतंच. प्रीफेच फोल्डर रिकामं करा, हा तर उलटा सल्ला. सुरू होताना कुठल्या फाइली लागतात याची टिपणं त्यात असतात, ती पुसली की पुढचे काही बूट आणखी हळू. टेम्प फोल्डर साफ केल्यानं जागा मोकळी होते, वेग वाढत नाही. रजिस्ट्री क्लीनर आणि ‘बूस्टर’ म्हणजे स्टार्टअपच्या यादीत आणखी एका नावाची भर.

फॉरमॅटबद्दल. मेनपाथ वाईट आहे, ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरचे नवे टाकून झाले, डिस्क ठणठणीत आहे, आणि तरीही फरक नाही, तर मारा. पण कोपऱ्यावरच्या दुकानात पाचशे रुपये देऊन नव्हे. तिथे बरेचदा तुमचं अस्सल विंडोज पुसून क्रॅक केलेली आवृत्ती येते, सोबत चोरीचं ऑफिस, आणि ते जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम रोज सुरुवातीला उठतो. विंडोज बसवून आलेल्या लॅपटॉपची लायसन्स की बायोसमध्येच असते. तीच आवृत्ती, म्हणजे होमवर होम, टाकली की इंटरनेट मिळताच आपोआप ॲक्टिव्हेट होतं. निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल पुरे. अकराव्या पिढीच्या किंवा पुढच्या इंटेलवर इन्स्टॉल करताना ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असा पडदा आला तर एसएसडी मेलेली नसते. कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’नं द्या.

हे आधी सांगायला हवं होतं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. बायोसला हात लावण्यापूर्वी त्या खात्यात जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा. अपडेटनंतर ती मागितली आणि तुमच्याकडे नसली तर डेटा गेला.

हा सगळा हिशोब विंडोज एसएसडीवर आहे असं धरून केला. तेही तपासा. दोन डिस्क असलेल्या यंत्रात विंडोज चुकून हार्ड डिस्कवर बसवलेलं असू शकतं. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये सी ड्राइव्हच्या नावाखाली एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं. ५,४०० आरपीएमच्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला ११ मिलिसेकंद लागतात, त्यात डोकं हलवण्याचा वेळ मिळवा, म्हणजे विखुरलेल्या छोट्या फाइली सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत. बूट म्हणजे अशाच हजारो फाइली. तिथे वरचं काहीही करून दीड मिनिटाचा सव्वा होईल, एवढंच. विंडोज एसएसडीवर हलवा. आणि एसएसडीच असून डिस्क १०० टक्के, ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ शेकडो मिलिसेकंद सतत दिसत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत पाहा आणि वॉरंटीत बदलून मागा.

चार्जरही बघा. फोनचा टाइप-सी चार्जर लावून चालवत असाल तर कित्येक यंत्रं प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली धरतात, आणि मोजलेले सगळे आकडे फुकट जातात.

मोजून झालं की बायोस टाइम, मेनपाथ, पोस्टबूट आणि १०१ ते १०३ मधली नावं इथे खाली टाका, मॉडेल नंबरासकट. नुसतं ‘फार स्लो आहे’ लिहिलंत तर मी उत्तर देणार नाही.