भेदभावाची तक्रार: मानवी हक्क आयोग की दिव्यांग आयुक्त?

प्रश्न: मी एका नगरपरिषदेत लिपिक आहे. अपघातात माझा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सादर करून मी पुन्हा रुजू झाले, तेव्हा मला दुसऱ्या मजल्यावरील विभाग देण्यात आला. इमारतीला लिफ्ट नाही. तळमजल्यावर जागा मिळावी, हा माझा अर्ज ‘सोय नाही’ एवढ्याच शेऱ्यावर परत आला. जिना चढणे जमत नाही ते दिवस असाधारण रजा धरून वेतन कापले जाते आणि दहा महिन्यांपूर्वी मुख्याधिकाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेण्याविषयी लेखी पत्र दिले. मला मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची आहे. संघटनेचे पदाधिकारी मात्र आधी कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहा, असे सांगतात. मी काय करावे?

उत्तर: सर्वप्रथम, स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर किंवा ‘मला काम जमत नाही’ अशा आशयाच्या कोणत्याही कागदावर स्वाक्षरी करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला कामावरून काढता येत नाही आणि त्याची पदावनतीही करता येत नाही. आधीचे पद झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीच्या आणि त्याच सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर सामावून घ्यावे लागते. तसे पद नसेल, तर ते उपलब्ध होईपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य (म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवण्याची तरतूद आहे. ‘शासकीय आस्थापना’ या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणेही येतात, त्यामुळे आपली नगरपरिषद यातून सुटत नाही. पाय गमावलेल्या एका जवानाला सेवेतून कमी केल्याच्या कुणाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, १९९५ च्या जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीचा आधार घेऊन, हे संरक्षण बंधनकारक असल्याचे सांगितले होते. आपला पाया भक्कम आहे. प्रश्न दाद कोठे मागायची एवढाच आहे, आणि तेथेच अनेक चांगल्या तक्रारी वाया जातात.

राज्य मानवी हक्क आयोग मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ खाली काम करतो. जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी संबंधित हक्कांचा भंग लोकसेवकाने केला असेल, किंवा असा भंग रोखण्यात त्याने हयगय केली असेल, तर आयोग चौकशी करू शकतो. मुख्याधिकारी लोकसेवक आहेत आणि पाय नसलेल्या कर्मचाऱ्याला रोज दोन मजले चढायला लावणे हा समतेचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र निव्वळ सेवाविषयक तंटे आयोग सहसा दाखल करून घेत नाहीत. आपल्या अर्जात कापलेले वेतन, रजेची नोंद आणि बैठकीची जागा एवढेच दिसले, तर तो ‘सेवाविषयक बाब’ म्हणून पहिल्याच टप्प्यावर निकाली निघण्याचा धोका आहे.

दुसरा अडसर मुदतीचा. मानवी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६(२) नुसार कथित कृत्य घडल्यापासून एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. हे वर्ष कृत्याच्या तारखेपासून मोजले जाते, कार्यालयाने आपल्या अर्जाला उत्तर दिल्याच्या तारखेपासून नव्हे. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण उत्तराची वाट पाहण्यात हे वर्ष संपते आणि मग तक्रार कितीही खरी असली तरी आयोगाचे हात बांधलेले असतात. वेतन दर महिन्याला कापले जाते, म्हणून भंग चालूच आहे, असा युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर राहू नये. स्वेच्छानिवृत्तीच्या पत्रापासून मोजले तर आपल्या हाती दोन महिने आहेत, आणि जागेचा अर्ज त्याआधी परत आला असेल तर त्याहूनही कमी. तक्रार करण्यासाठी संघटनेची किंवा वरिष्ठांची परवानगी लागत नाही. कायद्यानुसार पीडित व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने अन्य कोणीही तक्रार करू शकते.

तिसरी गोष्ट म्हणजे एकाच वेळी सगळीकडे अर्ज पाठवण्याचा मोह. राष्ट्रीय आयोग किंवा कायद्याने स्थापन झालेला दुसरा एखादा आयोग एखाद्या प्रकरणाची चौकशी करीत असेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम २१(५) च्या परंतुकानुसार (कलमाला जोडलेल्या अटीनुसार) राज्य आयोग त्यात चौकशी करू शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखाली नेमलेले दिव्यांग आयुक्त म्हणजे या अर्थाने ‘आयोग’ नव्हे, असा वाद घालता येईल. पण आपली शक्ती त्या वादात का खर्च करावी? एक दार निवडा आणि दुसरीकडे अर्ज केला असेल तर तो लपवू नका.

माझ्या मते आपले दार पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांचे आहे. आपल्याला मुख्यतः नोकरी, पूर्ण वेतन आणि तळमजल्यावरील जागा हवी आहे. कलम २०(४) त्यांच्याच कायद्यात आहे, वाजवी सोय (दिव्यांग व्यक्तीला काम करता यावे म्हणून करायचे आवश्यक बदल) नाकारणे हा त्या कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभावच आहे, आणि ‘ही सेवाविषयक बाब आहे’ असे म्हणून त्यांना आपल्याला परत पाठवता येणार नाही. आयुक्तांची शिफारस मिळाल्यापासून तीन महिन्यांत प्राधिकरणाला केलेली कार्यवाही कळवावी लागते. शिफारस मान्य नसेल, तर त्याच मुदतीत कारणे द्यावी लागतात. याउलट, झालेल्या अवमानाबद्दल भरपाई आणि संबंधित अधिकाऱ्यावर कारवाई हेच आपले मुख्य मागणे असेल, तर मुंबईतील मानवी हक्क आयोग अधिक योग्य ठरेल, कारण कलम १८ खाली त्या दोन्हींची शिफारस करण्याचा त्याला स्पष्ट अधिकार आहे. मात्र पुण्याचा मार्ग निवडल्यास आयोगाची एक वर्षाची मुदत त्या काळात संपू शकते, हे जाणूनच निर्णय घ्या.

कोठेही जाण्यापूर्वी, याच आठवड्यात, आपल्या कार्यालयातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २३ खाली अर्ज द्या. असा अधिकारी नेमणे प्रत्येक शासकीय आस्थापनेवर बंधनकारक आहे आणि त्याने तक्रारीची चौकशी नोंदणीपासून दोन आठवड्यांत करायची असते. नेमणूकच झालेली नसेल, तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या; ती उणीवही तक्रारीत मांडता येईल. आवक शाखेचा शिक्का, क्रमांक आणि तारीख दुसऱ्या प्रतीवर घेतल्याशिवाय अर्ज हातचा सोडू नका. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. त्याच दिवशी माहिती अधिकाराखाली आपल्या हजेरीपत्रकाच्या, वेतन कपातीच्या आदेशांच्या आणि तळमजल्यावरील विभागांच्या आसनव्यवस्थेच्या प्रती मागा. ‘सोय नाही’ हा शेरा खरा की खोटा, हे त्या आसनव्यवस्थेवरूनच ठरेल.

तक्रारीच्या भाषेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण अर्ज वाचणाऱ्यासमोर आपण नसता, कागद असतो. ‘माझा सतत छळ केला जातो व मला अपमानास्पद वागणूक मिळते’ हे वाक्य खरे असले, तरी त्यावर चौकशी कशाची करायची, ते कळत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘अमुक तारखेस मी तळमजल्यावरील जागेसाठी अर्ज दिला (प्रत अ). अमुक तारखेस त्यावर “सोय नाही” असा शेरा मारून तो परत करण्यात आला (प्रत आ). त्या दिवशी तळमजल्यावरील कर विभागात दोन टेबले रिकामी होती.’ शेवटचे वाक्य आपल्याला सिद्ध करता येत असेल तरच लिहा. प्रत्येक परिच्छेदात एकच घटना असावी, अधिकाऱ्याचे नाव व पदनाम असावे आणि कोणी साक्षीदार असेल तर त्याचा उल्लेख असावा. अधिकाऱ्याच्या स्वभावाविषयी किंवा हेतूविषयी तर्क लिहू नका. भेदभाव घटनांच्या क्रमातून दिसू द्या. शेवटी मागणी नेमकी हवी: जागा, कापलेल्या वेतनाचा परतावा, असाधारण रजेची नोंद रद्द करणे आणि स्वेच्छानिवृत्तीचे पत्र मागे घेणे.

आयोग आणि आयुक्त, दोन्ही ठिकाणी कागदपत्रे आणि साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. आयोगाकडे तक्रारीसाठी शुल्कही लागत नाही. मात्र दोघांचाही शेवट शिफारशीत होतो, न्यायालयाच्या हुकूमनाम्यात नव्हे. म्हणून तक्रार चालू असताना आपल्याला सेवेतून कमी करण्याचा आदेश निघाला, तर शिफारशीची वाट न पाहता तो आदेश आणि कलम २०(४) घेऊन ताबडतोब उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करावी. त्या वेळी आवक शिक्क्याच्या या प्रतीच आपला सर्वांत उपयोगी पुरावा असतील.