गावाची लोकसंख्या आज १ लाख, २० वर्षांत दीड लाख होईल; एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्लांट) किती एमएलडीचा (दिवसाला दशलक्ष लिटर) बांधावा आणि पावसाळ्याचं पाणी त्याच्या क्षमतेत धरायचं का?

आत्ता साधारण १२ एमएलडी बांधा आणि शेजारी ६ एमएलडीच्या मॉड्यूलची जागा राखून ठेवा, एकदम १८ चा बांधू नका. सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा-सांडपाणी संस्थेच्या मॅन्युअलचा हिशोब सरळ आहे, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १ लाखाला १०.८ एमएलडी, वर जमिनीतून गटारात झिरपणाऱ्या पाण्याचे १० टक्के, मिळून साधारण १२; याच हिशोबाने दीड लाखाला १८. आजच मोठा बांधला तर सुरुवातीची वर्षं एरेशन टँक (सांडपाण्यात हवा सोडायची टाकी) अर्धपोटी चालतो आणि हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल मात्र पूर्ण येतं. जागा आणि गटारलाइन मात्र ३० वर्षांचाच विचार करून घ्या, नंतर रस्ता खोदून पाइप बदलणं कुणालाच परवडत नाही. इनलेट, स्क्रीन (कचरा अडवणारी जाळी) आणि पंप मात्र पीक फ्लोवर, म्हणजे सर्वाधिक प्रवाहावर ठरवा, तो या लोकसंख्येला सरासरीच्या सव्वादोनपट. पावसाचं पाणी प्लांटच्या क्षमतेत धरू नका, ते मुळातच आत येऊ द्यायचं नाही, गच्चीचे पाइप लोक सर्रास ड्रेनेजच्या चेंबरला जोडतात आणि रस्ता तुंबला की मॅनहोलचं झाकणही उघडतात, ते आधी बंद करा. फक्त हे गणित गटार आणि पावसाळी नाला वेगळे असतील तरच, नालाच अडवून प्लांटला वळवणार असाल तर जुलैत जोराच्या पावसात फ्लो मोजल्याशिवाय आकडा ठरवू नका.