देणगीदार ‘देतो’ म्हणाले, मग पैसे अडतात कुठे?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मोठ्या विद्यापीठाच्या देणगी विभागात वरच्या जागेवर येऊन आठ महिने झाले, दोन देणगीदार तोंडी ‘देतो’ म्हणालेत, खात्यावर रुपया नाही, आणि वरचे साहेब दर सोमवारी ‘किती जमले?’ विचारतात. माझंच बोलणं कमी पडतंय का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. ‘देतो’ म्हणेपर्यंत माणूस आला म्हणजे तुमचं बोलण्याचं काम झालं. पुढचं अडतं ते तुमच्याच इमारतीत, दोन मजले खाली किंवा वर.

ओळख कशी काढायची, घरी कधी जायचं, रक्कम कोणी उच्चारायची, हे तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. आपल्या बेळगावात तर देणगीदाराचं नाव संस्थेला देणं म्हणजे काय हेही कुणाला समजवावं लागत नाही. शिरसंगीच्या लिंगराज देसाईंच्या नावाचं कॉलेज 1933 पासून उभं आहे, गोगटेंच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज 1979 पासून. रिक्षावाल्यालाही ही नावं पाठ आहेत.

माझं सगळ्यात मोठं नुकसान कुठे झालं ते सांगतो. उद्यमबागेतले एक फाउंड्रीवाले, वडिलांच्या नावाने प्रयोगशाळा द्यायला तयार झाले. थोडे पैसे स्वतःचे, मोठा भाग कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे कंपनीने कायद्याने समाजकामासाठी खर्चायच्या पैशाचा. माणूस सरळ. चहाच्या दुसऱ्या कपाला आकडा सांगून मोकळा. मी पत्र घेतलं, कराराचा मसुदा आमच्या एका कार्यालयात पाठवला (नाव लिहीत नाही, पण देणगीचं काम केलेला कुणीही ओळखेल) आणि तिथे तो मसुदा मुरला. आधी म्हणे कुलसचिवांचा शेरा नाही. शेरा आणला, तर म्हणे सगळी रक्कम कॉर्पसमध्येच (मुद्दल न मोडता व्याज वापरायचा कायम निधी) दाखवा, वरून तसं धोरण आहे. आता 2021 च्या दुरुस्तीनंतर सीएसआरचा पैसा कुठल्याही संस्थेच्या कॉर्पसला देता येत नाही. कंपनीच्या सीएने हे स्पष्ट लिहून कळवलं. मी ते पत्र घेऊन गेलो. ‘आमच्या फॉरमॅटमध्ये दुसरा कॉलमच नाही’ हे उत्तर मिळालं. शब्दशः हेच. फॉरमॅट कोणी केला? त्यांनीच.

तोपर्यंत मार्च उजाडला. कंपनीचा सीएसआर चालू प्रकल्पाचा, म्हणजे वर्षापलीकडे चालणाऱ्या कामाचा नसेल, तर त्या वर्षाचा शिल्लक पैसा वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सरकारने ठरवून दिलेल्या निधीत जमा करावा लागतो. चालू प्रकल्पाचा असेल तर वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावा लागतो आणि तीन वर्षांत खर्चावा लागतो. आमचा करारच नाही, तर प्रकल्प चालू कसा म्हणायचा? फाउंड्रीवाल्यांनी मला फोन केला, आवाज अजिबात चढवला नाही, एवढंच म्हणाले की तुमच्या संस्थेला गरज दिसत नाही. ते पैसे आता त्यांच्या गावच्या हायस्कूलला गेलेत. मुख्याध्यापकांनी आठवड्याभरात कागद केले म्हणे. त्या शाळेसाठी मला आनंद आहे, पण आमच्या त्या कार्यालयाला कुणी एका शब्दाने विचारलं नाही आणि माझ्या वार्षिक अहवालात मात्र ‘उद्दिष्ट अपूर्ण’ आलं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: आकडा मागण्याआधी आपल्या घरचा मसुदा तयार असावा. कॉर्पस की वापरायचे पैसे, हप्ते कसे, काम रखडलं तर काय, नाव किती वर्षं, अहवाल कोण पाठवणार. लेखा विभागाची यावर आधीच सही घ्या, मसुद्यात नाव-रक्कम कोरी असतानाच घ्या. नाव आणि रक्कम कळली की प्रत्येक टेबलाला त्यात आपलं मत घालायचं असतं.

पाटीचंही तसंच. दर्शनी फलकांवर 60 टक्के कन्नडचा नियम आता कर्नाटकात आहे, तो संस्थेने पाळावाच. पण दालनाच्या आत वडिलांचं नाव मराठीतही हवं, असं आपले देणगीदार म्हणणारच. ते चालतं की नाही, हे तुमच्या संस्थेच्या वकिलाकडून आधी लेखी घ्या आणि पाटीचं चित्रच कराराला जोडा. उद्घाटनाच्या आदल्या रात्री पाटीवरून वाद होणं फार वाईट. आणि देणगीदाराच्या घरी सीमाप्रश्न निघाला तर ऐकून घ्या, आपण काढू नका. तिथे तुम्ही विद्यापीठाकडून गेलेले असता.

तुमचे दुसरे देणगीदार ‘मूळचे गोव्याकडचे, आता लंडनला’ असं लिहिलंय. त्यांचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पण पोर्तुगीज किंवा ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असूनही ती परकीय देणगीच. मग संस्थेकडे सहसा एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. विचारायला अवघड वाटतं, माणूस आपलाच असतो, पण विचारा. मी सीए नाही, वकीलही नाही. कलमांचे नंबर मुद्दाम टाळतोय, कारण 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे आणि जुने नंबर बदललेत.

जाता जाता रोखीचं. निपाणी-चिकोडीकडे जमीन विकलेला माणूस पिशवी पुढे करतो, तेव्हा हात मागे घ्या. रोख 2,000 रुपयांच्या वरच्या देणगीला करसवलत नाही, आणि एका माणसाकडून दिवसात 2 लाख किंवा जास्त रोख घेणं संस्थेच्याच अंगाशी येतं. पॅन नंबर त्याच दिवशी घ्या. 31 मेपर्यंत देणग्यांचं विवरण भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावं लागतं. ज्याला ते वेळेत मिळालं नाही तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. नव्या कररचनेतल्यांना ही सवलत मिळत नाही हेही आधीच सांगा.

साहेबांचं काय करायचं? आमचे साहेब मुंबई आयआयटीला मिळालेल्या 315 कोटींचं उदाहरण द्यायचे. मी एकदा म्हटलं, सर, ते देणाऱ्या इन्फोसिसच्या नंदन निलेकणींनी तिथे प्रवेश घेतला 1973 मध्ये, ही देणगी 2023 ची, आणि त्याआधी ते 85 कोटी देऊन चुकले होते. त्यानंतर सोमवारचा प्रश्न महिन्यावर गेला. सगळ्यांच्या साहेबांना हे चालेलच असं नाही, आपापला अंदाज घेऊन बोला.

नोकरी एवढ्यात सोडू नका. मसुद्यासाठी आमची मुद्द्यांची यादी हवी असेल तर सांगा, पाठवतो. फक्त मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात मागू नका, तेव्हा मी स्वतःच लेखा विभागाच्या बाकावर बसलेला असतो.