वाचकांचे प्रश्न : जबडा, डोकेदुखी आणि ड्राय नीडलिंग

प्रश्न : गेले तीन महिने सकाळी उठलं की दोन्ही गाल आणि कानशिलं ठणकतात. उजवीकडच्या खालच्या दाढाही दुखतात. दंतवैद्यांनी एक्स-रे काढून दाढा चांगल्या असल्याचं सांगितलं. आता फिजिओथेरपिस्ट ड्राय नीडलिंग करू या म्हणतात. सुईतून औषध देतात का? आणि जबड्यात सुई म्हणजे नेमकी कुठे टोचतात? (वय ३४)

उत्तर : औषध अजिबात नसतं. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव असते आणि फार बारीक. चेहऱ्यासाठी साधारण ०.१६ ते ०.२५ मिलिमीटर जाडीची सुई वापरतात. इंजेक्शनची नेहमीची २४ नंबरची सुई याच्या दुपटीहून जाड असते.

सुई कशात टोचायची, तर ट्रिगर पॉइंटमध्ये. स्नायूत बोटाखाली दोरीसारखा ताठ पट्टा लागतो आणि त्यातली एखादी जागा दाबली की कळ उठते. ही कळ बऱ्याचदा दाबलेल्या जागी न राहता दुसरीकडे जाते. गालावरच्या मॅसेटर या चावण्याच्या स्नायूचा वरचा थर दुखावला, की ठणका दाढांमध्ये जाणवतो. त्याच्या खोल थरातली कळ कानात जाते आणि लोक कानाच्या डॉक्टरांकडे खेपा घालतात. कानशिलावरचा टेम्पोरॅलिस स्नायू भुवईत आणि वरच्या दातांत दुखतो. तुमच्या दाढा निरोगी असूनही दुखतात, त्यामागे बहुधा हेच असावं. झोपेत दात आवळले जात असतील तर सकाळचा ठणकाही त्यात बसतो.

पण 'बहुधा' म्हणून सुई टोचू नये. आधी तपासणी नीट व्हायला हवी. तोंड पूर्ण उघडायला लावून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजतात. ते ४० मिलिमीटर किंवा जास्त असावं. स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का, हे घरीही पाहता येतं. उघडताना जबडा एका बाजूला सरकतो का, हे पाहतात. मग गालावर आणि कानशिलावर साधारण १ किलो दाब देऊन काही सेकंद धरतात आणि विचारतात, "तुम्हाला रोज दुखतं ते हेच का?" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जोरात दाबलं की कुणाचाही गाल दुखतो. तुमचं ओळखीचं दुखणं, म्हणजे तोच दाढेतला ठणका, बोटाने जागा झाला तरच ती जागा सुईसाठी योग्य. ही तपासणी न करता कुणी थेट पाकीट फोडलं, तर थांबवायला संकोच करू नका.

प्रत्यक्ष उपचार उताणं झोपवून करतात, कारण काहींना सुई पाहून किंवा टोचल्यावर चक्कर येते. म्हणून उपाशीपोटी जाऊ नका. हातमोजे घालून त्वचा पुसतात आणि वाळू देतात. मॅसेटरमध्ये तो ताठ पट्टा दोन बोटांच्या मध्ये धरून, सुईभोवतीच्या बारीक नळीतून टिचकी मारून सुई आत सरकवतात. दिशा सरळ, जबड्याच्या हाडाकडे. सुई साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असते, पण ती सगळी आत जात नाही. मग ती थोडी मागे घेऊन पुन्हा हळूच पुढे नेतात. नेमकी जागा लागली, की डोळा लवावा तसा स्नायू क्षणभर लवतो आणि तुमचा तो जुना ठणका एकदम उमटतो. हे बरंच अप्रिय असतं. काही सेकंदांत ओसरतं. एका जागी असे काही झटके आले की पुरे. जितके जास्त झटके तितका गुण जास्त, असं नाही. काही जण सुई न हलवता १० ते २० मिनिटं नुसती ठेवतात. नाजूक प्रकृतीच्या रुग्णाला ती पद्धत जास्त मानवते.

जिथे चुका होतात त्या जागाही माहीत असाव्यात. गालातून लाळेची नळी आडवी जाते आणि चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या पसरलेल्या असतात. मॅसेटरच्या पुढच्या कडेशी, जबड्याच्या खालच्या काठावर रोहिणीचे ठोके बोटाला लागतात. कानशिलावरही कानाच्या पुढे असेच ठोके लागतात. ते चाचपून, ती जागा सोडूनच सुई घालायची असते. दिशा बदलायची तर सुई त्वचेजवळपर्यंत मागे घ्यावी लागते. आतल्या आत वाकवून फिरवली की रक्तवाहिनी खरचटते आणि गाल काळानिळा होतो. कानशिलावरच्या सुया केसांत हरवतात, म्हणून किती घातल्या आणि किती काढल्या हे मोजायलाच हवं. तुम्हीही मोजा. सुई काढल्यावर त्या जागी अर्धा ते एक मिनिट कापूस दाबून धरतात. प्रत्येक सुई नवीन, पाकीटबंद असावी आणि वापरल्यावर लगेच कडक डब्यात जावी.

लॅटरल टेरिगॉइड नावाचा एक खोल स्नायू गालफडाच्या हाडाखालून, जबड्याच्या दोन टोकांमधल्या खाचेतून गाठतात. त्यासाठी ४० मिलिमीटर किंवा त्याहून लांब सुई लागते आणि शेजारीच मोठी रोहिणी आणि शिरांचं जाळं असतं. हे काम त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्याच माणसाचं. आमचं मत असं, की पहिल्या भेटीत तिथे जायची गरज नसते. मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस मोकळे झाले की बऱ्याच जणांचं काम भागतं.

प्रश्न : परवा जबडा आणि खांद्याच्या वरच्या स्नायूत सुया टोचल्या. काल दुखणं उलट वाढलं. काही बिघडलं असेल का?

उत्तर : सुई टोचलेल्या जागी व्यायामानंतर अंग दुखतं तसं दुखणं २४ ते ४८ तास राहणं नेहमीचं आहे, क्वचित तीन दिवस. छोटा निळा डागही पडतो. १० ते १५ मिनिटं कोमट शेक द्या, तोंड दुखणार नाही इतपत सावकाश उघडत-मिटत राहा. दोन दिवस कडक आणि चिवट खाणं टाळा, पण जबडा अगदी बंद करून बसू नका. तसं केलं की आखडतो.

मात्र खांद्यात सुई घेतली आहे म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या स्नायूच्या खाली फुप्फुसाचं टोक असतं. स्नायू चिमटीत उचलून धरून सुई घातली तर धोका फार कमी होतो, तरी तो शून्य नसतो. श्वास घेताना छातीत टोचणं, धाप लागणं, कोरडा खोकला यांपैकी काही झालं तर, टोचून काही तास उलटले असले तरी, थेट रुग्णालयात जा आणि सुई घेतल्याचं सांगा. गाल लाल, गरम होऊन सुजत चालला, ताप आला, किंवा डोळा पूर्ण मिटेना, ओठाचा कोपरा ओघळला, तरीही त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : मला मायग्रेन आहे, शिवाय जवळजवळ रोज डोकं दुखतं. महिन्यात २० दिवस तरी गोळी घेते. ड्राय नीडलिंगने गोळ्या सुटतील का?

उत्तर : इथे आधी गोळ्यांकडेच बघावं लागेल. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या खास गोळ्या) आणि एकापेक्षा जास्त औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ चालू राहिल्या, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहू शकते. ते चक्र चालू असताना सुईचा गुण टिकत नाही आणि रुग्ण म्हणतो, उपचार वाया गेला. न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने गोळ्या कशा कमी करायच्या ते आधी ठरवा. काही औषधं एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

सोबत चार आठवडे वहीत नोंद ठेवा : किती वाजता दुखलं, कुठे, मळमळ किंवा उजेडाचा त्रास होता का, कोणती गोळी घेतली, आणि चावताना, जांभई देताना, दात आवळल्यावर दुखणं बदललं का. शेवटचा रकाना आमच्या दृष्टीने मोलाचा. जबड्याच्या हालचालीबरोबर कानशिलातलं दुखणं कमी-जास्त होत असेल, तर त्यात जबड्याचा वाटा आहे आणि तेवढ्या वाट्यावर सुईचा उपयोग होऊ शकतो. मानेच्या वरच्या स्नायूंमधून कवटीच्या मागून डोळ्यापर्यंत येणाऱ्या डोकेदुखीचंही तसंच. नुसतं कानशील दाबल्यावर दुखतं एवढ्यावरून मात्र काही ठरत नाही. मायग्रेनच्या रुग्णालाही तिथे दुखतंच. मायग्रेन सुईने बरा होतो असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. फार तर त्याला चिथावणारं मानेचं किंवा जबड्याचं दुखणं कमी होतं.

प्रश्न : तोंड उघडताना कानापाशी कट्ट आवाज येतो. दुखत नाही. सुई घ्यावी का?

उत्तर : नको. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. तो आवाज बहुतेक वेळा सांध्यातली चकती पुढे-मागे सरकल्याचा असतो आणि सुई चकतीला जागेवर आणत नाही. आवाज अचानक बंद होऊन तोंड अर्धंच उघडू लागलं, तर लगेच दाखवा. तेव्हा उशीर करू नये.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. महिनाभरापासून जेवताना जबडा भरून येतो, थांबले की बरं वाटतं. कानशील दुखतं, केस विंचरतानाही दुखतं. ते रक्त पातळ होण्याची गोळी घेतात, तरी नीडलिंग चालेल का?

उत्तर : सुईचा विचार बाजूला ठेवा आणि वडिलांना आजच डॉक्टरांकडे न्या. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, चावता चावता भरून येणारा आणि थांबल्यावर मोकळा होणारा जबडा, केसांना हात लावला तरी दुखणारं डोकं, ही लक्षणं कानशिलाच्या रोहिणीला सूज आल्याची असू शकतात. या आजाराला जायंट सेल आर्टेरायटिस म्हणतात. उपचार लांबला तर नजर कायमची जाऊ शकते. दिसायला अंधूक होणं, दोन-दोन दिसणं किंवा थोडा वेळ डोळ्यापुढे अंधार येणं यांपैकी काही झालं असेल, तर तातडीच्या विभागातच जा. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करतात, रोहिणीची सोनोग्राफी करतात किंवा तुकडा काढून तपासतात. संशय दाट असेल तर अहवालाची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात.

याखेरीज, चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल तर हृदयाची तपासणी हवी. स्पर्शाने विजेचा झटका बसावा अशी कळ चेहऱ्यात जात असेल तर नसेचा आजार असू शकतो. तोंड दिवसेंदिवस कमी उघडत असेल, आत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा असेल तर तोंडाच्या डॉक्टरांकडे आधी जा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल : त्या चालू असताना चेहऱ्याच्या खोल स्नायूंत सुई टाळावी. वरवरच्या स्नायूंचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा. सुईसाठी स्वतःहून गोळी बंद करू नका.

प्रश्न : चार वेळा सुया घेतल्या. दरवेळी चार-पाच दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. अजून किती वेळा घेऊ?

उत्तर : सुया वाढवू नका, मधल्या चार-पाच दिवसांत काय करता ते बदला. आजवरचे अभ्यास पाहता ड्राय नीडलिंगने वेदना कमी होते आणि तोंड जास्त उघडतं, पण हा गुण मुख्यतः थोड्या काळाचा असतो. साधारण आठवड्याला एक अशा तीन भेटींत मोजता येईल इतका फरक पडला नाही, तर आजाराचं निदानच पुन्हा तपासायला हवं. तुमच्या बाबतीत फरक पडतो, म्हणजे जागा बरोबर आहे. स्नायू मोकळा होतो आणि जुन्या सवयी त्याला पुन्हा आवळतात.

जागेपणी ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेलं असावं. 'न' म्हणताना जीभ जिथे लागते तीच जागा. जेवण सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचं कारण नाही. संगणकावर, गाडी चालवताना, मोबाइल बघताना ते नकळत आवळले जातात. फोनवर दर अर्ध्या तासाला सूचना लावा आणि वाजली की फक्त दात तपासा.

व्यायाम एकच, पण नेमाने : जीभ टाळूला तशीच टेकवून, आरशात बघत, हनुवटी सरळ रेषेत ठेवून तोंड उघडा. जीभ सुटेल तिथे थांबा. असं ६ वेळा, दिवसातून ६ वेळा. सुई घेतलेल्या दिवशीही संध्याकाळी हलक्या हाताने सुरू करा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. च्युइंगगम, नखं आणि पेन चावणं, हनुवटी हातावर टेकून बसणं, पालथं झोपणं बंद करा. रात्री दात खात असाल तर दंतवैद्यांकडून मापाचं नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं आवरण) करून घेता येतं. त्याने दात झिजायचे वाचतात, आवळणं थांबेलच असं नाही. बाजारचं मऊ, तयार गार्ड चघळायची सवय लावू शकतं, म्हणून ते टाळलेलं बरं.

हे सहा आठवडे करा, दर सोमवारी पट्टीने तोंड मोजून आकडा लिहा आणि पुढची सुई त्या आकड्यांकडे बघून ठरवा.